वीस पानांचा अंक आणि दहापैकी गुण

अमेरिकेत कॉमिक्सच्या दुकानांत नवे अंक लागतात ते बुधवारी, आणि आठवडा सरायच्या आत त्यांतल्या प्रत्येक महत्त्वाच्या अंकावर अभिप्रायांचा ढीग पडलेला असतो. ‘बॅटमॅन’, ‘स्पायडर-मॅन’, ‘एक्स-मेन’ यांचे महिन्याला निघणारे अंक जितके वाचले जातात तितकीच त्यांची वासलातही तातडीने लावली जाते. असे अभिप्राय सलग वाचले की त्यांचा साचा चटकन लक्षात येतो. आधी मागच्या अंकात काय झालं, मग या अंकात काय झालं, मग जे झालं ते पात्राच्या स्वभावाला धरून आहे की नाही, आणि शेवटच्या परिच्छेदात चित्रकाराबद्दल दोन वाक्यं. चित्रं ‘गतिमान’ असतात, रंग ‘उठावदार’ असतात आणि सगळ्याच्या खाली दहापैकी साडेआठ असा आकडा असतो. गेल्या पाचसहा वर्षांतल्या सुपरहिरो अंकांवरची टीका आणि स्तुती पाहून माझं मत असं झालं आहे की या समीक्षेची निवड बऱ्याचदा बरोबर असते, पण त्या निवडीची तिने दिलेली कारणं चुकीची असतात. चांगला अंक तिला ओळखता येतो. तो चांगला का, हे सांगताना मात्र ती कथानकाकडे बोट दाखवते, आणि त्या अंकाचं बळ असतं पानावर.

हा साचा आळसातून आलेला नाही, त्याला आर्थिक कारण आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या काळात, म्हणजे 1960च्या दशकाच्या मध्याला, स्पायडर-मॅनचा अंक 12 सेंटला मिळत असे. आज वीस-बावीस पानांच्या कथेला चार ते पाच डॉलर पडतात आणि एखाद्या मोठ्या ‘महाघटने’चा माग ठेवायचा तर महिन्याला असे कितीतरी अंक घ्यावे लागतात. अशा वेळी वाचकाला समीक्षकाकडून पहिली अपेक्षा असते ती ‘घेऊ की नको’ एवढ्याच उत्तराची, आणि ती रास्तच आहे. खिशाला चाट बसणाऱ्याला सौंदर्यशास्त्र ऐकवणं बरं नव्हे. पण ग्राहकाचा सल्लागार होता होता समीक्षक बातमीदार कधी झाला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. अंकात कोण मेलं, कोण परत आलं, कुणाचं लग्न मोडलं, एवढ्यावरच अंकाची किंमत ठरू लागली. प्रकाशकांना हे पक्कं ठाऊक असल्यामुळे तेही अंक बातमीसारखेच घडवतात.

2023च्या मे महिन्याअखेर आलेला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा 26वा अंक हे याचं ठळक उदाहरण आहे. लेखक झेब वेल्स, चित्रकार जॉन रोमिटा ज्युनियर. या अंकात कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल मरते. बातमी अंक बाजारात यायच्या आधीच फुटली होती. टीका जोरात झाली आणि तिचा मुद्दा खरा होता: मार्व्हलच्या सर्वांत गाजलेल्या मुस्लिम नायिकेला दुसऱ्याच नायकाच्या मासिकात, जिथे ती जेमतेम दुय्यम पात्र होती, मरायला लावलं. दोन महिन्यांत तिला ‘एक्स-मेन’च्या अंकात जिवंत करून म्यूटंट ठरवलं गेलं, पडद्यावरच्या कमलाशी जुळवून घेण्यासाठी हा खटाटोप होता, हे बहुतेकांनी ओळखलं. हा राग मला मान्य आहे. पण त्या अभिप्रायांत एक प्रश्न क्वचितच विचारला गेला: हे मरण पानावर कसं रचलं होतं? ज्या पात्राच्या मरणावर अंक बेतला आहे त्याला त्या पानांतल्या किती चौकटी मिळाल्या, ते कुणाच्या नजरेतून दिसलं, वाचक पान उलटतो त्या क्षणी काय समोर आलं? हे प्रश्न विचारले असते तर टीका अधिक धारदार झाली असती. कारण कमलावरचा अन्याय संपादकीय बैठकीत ठरला असेल, पण वाचकासमोर तो झाला चौकटींच्या वाटपात. ती मरते ते दुसऱ्याच्या दुःखाची सोय म्हणून, आणि हे सिद्ध करायला कंपनीचा हेतू शोधत बसण्याची गरजच नव्हती. पुरावा अंकातच होता.

आता स्तुतीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. गेल्या दोनतीन वर्षांत समीक्षकांचं सर्वांत जास्त एकमत झालं ते दोन उपक्रमांवर. एक, मार्व्हलचं नवं ‘अल्टिमेट’ विश्व: जानेवारी 2024मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांचा ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ सुरू झाला आणि पाठोपाठ डेनिझ कॅम्पचा ‘अल्टिमेट्स’ आला. दोन, डीसीची ‘अब्सोल्यूट’ मालिका: ऑक्टोबर 2024मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा ‘अब्सोल्यूट बॅटमॅन’, मग केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांचा ‘अब्सोल्यूट वंडर वुमन’, आणि मार्च 2025मध्ये कॅम्प व हाविएर रोड्रिगेझ यांचा ‘अब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’. या यशाचं जे कारण जवळजवळ सगळीकडे दिलं गेलं ते असं: नवी सुरुवात. साठ-ऐंशी वर्षांच्या पूर्वेतिहासाचं ओझं नाही, बॅटमॅनकडे पैसा नाही, डायना अॅमेझॉन बेटाऐवजी नरकात वाढली, पीटर पार्करला शक्ती मिळते ती पोराबाळांचा बाप झाल्यावर. म्हणून ताजेपणा आला. ऐकायला हे पटतं. पण नवी सुरुवात हेच कारण असतं तर प्रत्येक नवी सुरुवात यशस्वी व्हायला हवी होती. 2024च्याच उन्हाळ्यात ‘एक्स-मेन’ मालिकांनी क्राकोआ बेटाचा पाच वर्षांचा कालखंड संपवून ‘फ्रॉम द अॅशेस’ या नावाखाली पुन्हा पहिल्या क्रमांकापासून आरंभ केला. नवे लेखक, नवे चित्रकार, नवे क्रमांक. प्रतिसाद संमिश्र राहिला, आणि क्राकोआची आठवण काढून हळहळणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. पहिला क्रमांक पुन्हा छापणं हा या धंद्यातला जुना उपाय आहे. तो वर्षानुवर्षं वापरला जातोय आणि त्याचा गुण दर वेळी येत नाही.

मग फरक कुठे पडला? ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये कथेतला काळ वाचकाच्या काळाबरोबर चालतो. दोन अंकांमध्ये वाचकाचा एक महिना जातो तसा पीटरचाही जातो. नेहमीच्या मासिकात एक मारामारी तीन अंक, म्हणजे वाचकाचे तीन महिने चालते आणि कथेत दुपारसुद्धा टळत नाही. इथे मात्र प्रत्येक अंकाला आपापला महिना आहे, त्यामुळे प्रत्येक अंकाला आपापलं काम करावंच लागतं. चौथा अंक बराचसा जेवणाच्या टेबलावर घडतो: पीटर, मेरी जेन, हॅरी आणि ग्वेन, दोन जोडपी आणि त्यांच्यामधली बोललेली-न बोललेली बातचीत. सुपरहिरोच्या मासिकात असा अंक काढायला धैर्य लागतं. ते धैर्य शक्य झालं, कारण अंक हा एका मोठ्या गोष्टीचा कापलेला तुकडा नसून एका महिन्याची पूर्ण गोष्ट आहे असं बनवणाऱ्यांनी ठरवून घेतलं होतं. ‘अल्टिमेट्स’च्या चौथ्या अंकात डूम या पात्राच्या आयुष्यातले वेगवेगळे काळ एकाच पानावर आडव्या पट्ट्यांतून शेजारी शेजारी चालतात. वरची पट्टी वाचताना खालच्या पट्टीतला छळ डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत राहतो. वाचकाला तो टाळता येत नाही, जसा त्या माणसालाही टाळता येत नाही. हा परिणाम गद्यात साधणार नाही आणि चित्रपटातही नाही, कारण दोन्हींत एका वेळी एकच क्षण पुढे येतो. कॉमिक्सच्या पानावर भूतकाळ आणि वर्तमान एकाच नजरेत मावतात.

‘मार्शियन मॅनहंटर’बद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे समीक्षेलाही आपली सवय मोडावी लागली. जॉन जोन्स हा एफबीआयचा साधा अधिकारी एका स्फोटातून वाचतो आणि त्यानंतर त्याला माणसांच्या मनातले विचार रंगीत धुरासारखे दिसू लागतात. रोड्रिगेझ स्वतःच चित्रं काढतो आणि स्वतःच रंग भरतो. त्यामुळे इथे रंग नंतर चढवलेला नसून तोच कथा सांगतो. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या डोक्यातून निघणाऱ्या रंगांच्या वळशांत कोण घाबरलंय, कोण रागावलंय हे वाचकाला जॉनबरोबरच वाचायला शिकावं लागतं, आणि ते शिकणं हीच या मालिकेची कथा आहे. तिच्यावरचे अभिप्राय वाचले तर एरवी चित्रांना दोन वाक्यांत आटोपणारे समीक्षकही इथे रंग, चौकटी, पानाची मांडणी यांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिताना दिसतात. म्हणजे ही भाषा त्यांच्याकडे नव्हती असं नाही. नेहमीचा अंक ती वापरायला भाग पाडत नाही इतकंच. कथासार सांगून या अंकाचं काहीच हाती लागत नाही, म्हणून तिथे समीक्षकाला डोळे वापरावे लागले. माझं म्हणणं एवढंच आहे की ते डोळे ‘अब्सोल्यूट बॅटमॅन’साठीही वापरावेत. तिथे चर्चा होते ती गरीब ब्रूस वेनची. पण निक ड्रॅगोटा पान लहान लहान चौकटींत ठासून भरतो आणि मग त्या दाटीतून त्याचा धिप्पाड बॅटमॅन बाहेर फुटतो, तेव्हा या बॅटमॅनचा वर्ग, त्याचा राग आणि त्याच्या शहराची कोंडी हे सगळं संवादाच्या एका शब्दाशिवाय पोचतं. गरिबी ही कल्पना स्नायडरची असेल, पण ती अंगावर येते ड्रॅगोटामुळे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की अंक हा घटकच चुकीचा आहे. सुपरहिरो कथा ही एक अखंड, कधीच न संपणारी कथा आहे आणि तिचा एक अंक तोलणं म्हणजे कादंबरीचं एक प्रकरण फाडून तोलणं. डग्लस वोक यांनी 1961पासूनचे मार्व्हलचे सत्तावीस हजारांहून अधिक अंक वाचून 2021मध्ये ‘ऑल ऑफ द मार्व्हल्स’ हे पुस्तक लिहिलं, ते या भूमिकेचं सर्वांत प्रामाणिक आणि कष्टाचं समर्थन आहे. त्यांच्या लेखी हे सगळे अंक मिळून एकच महाकथा होते. अलीकडचा दाखलाही या बाजूने देता येतो. मुंबईशी नातं असलेले लेखक राम व्ही यांनी 2022 ते 2024 या काळात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये ऑपेराच्या धर्तीवर रचलेली ‘गॉथम नॉक्टर्न’ ही दीर्घ कथा लिहिली. महिन्या-महिन्याने वाचताना ती संथ आणि गूढ वाटते अशी कुरबुर होती; सलग वाचल्यावर तिची वीण दिसते. मग अंकाअंकाला गुण देणाऱ्यांनी तिच्यावर अन्यायच केला असं म्हणावं लागेल. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. दीर्घ रचनेचा न्याय शेवटीच होतो हे खरं. पण वोक यांचं पुस्तकसुद्धा बारकाईने वाचलं तर लक्षात येतं की ते महाकथेत शिरण्यासाठी वाटा निवडतात त्या विशिष्ट अंकांच्या. डोंगर सगळा एक असला तरी चढताना पाय एकेका दगडावरच ठेवावा लागतो. शिवाय दीर्घ कथा चांगली असण्याने तिचा प्रत्येक अंक चांगला ठरत नाही. क्राकोआ कालखंडाची सुरुवात 2019मध्ये ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ या दोन मालिकांच्या एकूण बारा अंकांनी झाली. ते दर आठवड्याला येत, आणि एका अंकाने दिलेली माहिती पुढचा अंक उलटवून टाकी. त्या अंकांचा पाया आठवड्यांच्या अंतरावर रचलेला होता. पुढे हाच कालखंड लांबत गेला, हिकमन 2021च्या अखेरीस बाहेर पडले, आणि शेवटच्या महिन्यांत अंक घाईघाईने धागे बांधत सुटले. कथा तीच, विश्व तेच. बिघडली ती अंकाची घडण, आणि ‘शेवट गडबडला’ म्हणणाऱ्या समीक्षकांना हेच सांगायचं होतं, फक्त त्यांनी ते कथानकाच्या भाषेत सांगितलं.

दुसरा आक्षेप असा येईल की पानाच्या रचनेला एवढं महत्त्व दिलं की क्लृप्त्यांना भाव मिळतो. 2021च्या डिसेंबरमध्ये आलेला ‘नाइटविंग’चा 87वा अंक घ्या. टॉम टेलर लेखक, ब्रूनो रेडोंडो चित्रकार. सगळी पानं शेजारी शेजारी ठेवली तर एकच लांबलचक सलग चित्र तयार होतं आणि त्यातून नायक आपल्या पळवलेल्या कुत्रीला सोडवायला धावत सुटतो. याच जोडीचा 105वा अंक पूर्णपणे नाइटविंगच्या डोळ्यांतून दिसतो, आणि 2024मध्ये त्याला सर्वोत्तम एकल अंकाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. काहींना हे कौशल्याचं प्रदर्शन वाटलं, आत गोष्ट कुठे आहे असं त्यांनी विचारलं. विचारणं बरोबर आहे आणि उत्तरही वेगवेगळं आहे. 87व्या अंकात सलग चित्र आणि न थांबणारी धाव यांचं मूळ एकच आहे: चौकटीची भिंत नाही, म्हणून थांबायला जागा नाही. तिथे रूप आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. 105वा अंक मला तितका पटत नाही. नायकाच्या डोळ्यांतून पाहताना त्याचा चेहराच दिसेनासा होतो, आणि ज्या पात्राचं आकर्षण त्याच्या देहाच्या हालचालीत आहे त्याचा देह गाळून नेमकं काय मिळवलं, याचं उत्तर त्या अंकात पुरेसं सापडत नाही. पुरस्कार त्याला मिळाला, पण दोहोंत थोर 87वाच. हा निवाडा मी पानाकडे पाहूनच देऊ शकतो. क्लृप्ती आणि कला यांतला फरक कथासारातून कधीच कळणार नाही. पानाची समीक्षा क्लृप्त्यांना आश्रय देते हे म्हणणं म्हणूनच उलटं आहे.

तिसरा आक्षेप जुना आहे आणि नैतिक आहे. ही पात्रं महामंडळांची मालमत्ता आहेत. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी 1938मध्ये सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला विकले आणि उरलेला जन्म त्याची किंमत मोजली. अशा उत्पादनाच्या चौकटींचं सौंदर्य वाखाणणं म्हणजे कारखान्याच्या भिंतीवरचा रंग वाखाणणं, असं ‘द कॉमिक्स जर्नल’च्या परंपरेतले टीकाकार दीर्घकाळ सुचवत आले आहेत. या नियतकालिकाबद्दल मला आदर आहे. 1976पासून त्याने निर्मात्यांच्या हक्कांसाठी जितका आवाज उठवला तितका क्वचितच कुणी उठवला असेल. पण 1980च्या दशकातला त्याचा सर्वांत मोठा लढा कशासाठी होता ते पाहा: जॅक कर्बी यांनी स्वतःच्या हाताने काढलेली मूळ पानं मार्व्हलने त्यांना परत द्यावीत यासाठी. पात्राचे हक्क कंपनीकडे गेले तरी पान कर्बींचं होतं, हे त्या लढ्याच्या मुळाशी होतं. म्हणूनच पानाची समीक्षा निर्मात्याच्या बाजूची ठरते. ‘स्पायडर-मॅनने या महिन्यात निराशा केली’ असं लिहिणारा समीक्षक नकळत मालमत्तेलाच कर्ता मानतो. ‘रोमिटांनी हे पान असं रचलं’ असं लिहिणारा माणसाच्या श्रमाला नाव देतो.

श्रमाची गोष्ट निघाली की सर्वांत मागे राहिलेल्यांचीही काढायला हवी. बहुतेक अंकांत लेखक आणि चित्रकार यांच्याशिवाय शाई भरणारा, रंग देणारा आणि अक्षरं मांडणारा असे आणखी तीन हात असतात. अक्षरं मांडणाऱ्याचा उल्लेख अभिप्रायात आला तर तो बहुधा नावापुरता असतो, तोही सगळ्यांत शेवटी. राम व्ही आणि माइक पर्किन्स यांची ‘स्वॉम्प थिंग’ मालिका 2021मध्ये सुरू झाली, तिचा नायक लेवाय कामेई मूळचा काझीरंगाचा, आणि अक्षरं आदित्य बिडीकर यांची. त्या मालिकेत माणूस कुठे संपतो आणि वनस्पती कुठे सुरू होते हे वाचकाला कळतं ते बऱ्याच अंशी संवादाच्या फुग्याच्या आकारावरून आणि अक्षरांच्या वळणावरून. लेवायचा आवाज बदलतो तेव्हा ते लेखकाने कुठे सांगितलेलं नसतं. ज्या मराठी वाचकांनी दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’पासून आजपर्यंतचे दिवाळी अंक मुखपृष्ठ, मांडणी, चित्रं आणि मजकूर यांसकट, एक अख्खा अंक म्हणून तोलले आहेत, त्यांना अशा वाचनाची सवय नवी नाही. अमेरिकी कॉमिक्सच्या वाचनातही ती वाढते आहे. अक्षरकार हसन ओट्समाने-एलहाऊ यांनी संपादित केलेल्या, पानांच्या बारीक विश्लेषणाला वाहिलेल्या ‘पॅनेल बाय पॅनेल’ला 2019मध्ये कॉमिक्सविषयक पत्रकारितेचा आयस्नर पुरस्कार विभागून मिळाला. ‘अब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’ची अक्षरं याच ओट्समाने-एलहाऊंची आहेत.